काळ्यावर पांढरं

धाकटी बहीण दार वाजवते, इथपर्यंतची गोष्ट मला माहीत होती. त्यापुढची आपांनाही माहीत नव्हती.

आपा म्हणजे सावेडीत आमच्या शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका. शहरातल्या एका उर्दू शाळेत त्यांची सगळी नोकरी झाली. मी माती तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत होते. निवृत्तीनंतर सकाळी फिरायला जाताना आमची गाठ पडली, आणि चालता चालता त्या मला वाचत असलेल्या कादंबऱ्या सांगायला लागल्या. वाचायच्या उर्दूत, सांगायच्या मराठीत. ही कादंबरी दोन बहिणींची होती. मोठी बहीण आगगाडीने सासरी निघते, भलत्याच स्टेशनवर उतरते आणि त्याच गावात राहून जाते. वर्षानुवर्षं तिचा पत्ता नसतो. आई गेल्यावर धाकटी तिला शोधायला बाहेर पडते, विचारत विचारत त्या गावात पोचते, घर सापडतं, ती कडी वाजवते.

आणि तिथेच आपांचं वाचन थांबलं.

आधी त्यांना वाटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, आता चष्म्याने भागणार नाही. कडेचं दिसेल, मधलं धूसर होईल. "ओळीवर कुणीतरी बोट ठेवून बसल्यासारखं वाटतं," आपा मला म्हणाल्या. "मी बोट बाजूला करायला जाते, तर ते माझ्या नजरेबरोबरच सरकतं." चालायला, स्वयंपाकाला, माणसं ओळखायला फारशी अडचण नव्हती. अडचण होती ती बारीक छापलेल्या पानाची. भिंग आणलं, तर एका वेळी दोनच शब्द दिसायचे आणि तिसरा येईपर्यंत पहिला विसरायचा.

"मुलाकडून वाचून घ्या की," मी सुचवलं.

"त्याला कुराण पढायला मीच शिकवलं. पण शाळा मराठी, कॉलेज इंग्रजी. उर्दू कादंबरीची एक ओळ लावेपर्यंत त्याचा चहा गार होतो." मग थोडं चालून म्हणाल्या, "आणि ताई, दुसऱ्याच्या आवाजात मला नको. मला मधेच थांबायचं असतं. मागे जायचं असतं. एखादं वाक्य आवडलं की तिथेच बसायचं असतं."

दोन वर्षं ती कादंबरी तशीच पडून होती. मोरपिशी दोऱ्याची खूण घातलेली, शेवटचा बोटभर भाग राहिलेला. मी अधूनमधून विचारायचे, "काय हो आपा, दार उघडलं का?" त्या हसायच्या. पण मला खरंच जाणून घ्यायचं होतं. दारापलीकडे काय असेल याचे मी मनाशी किती प्रकार करून पाहिले होते. मोठीने धाकटीला ओळखलंच नाही, असा एक. दार तिसऱ्याच कुणी उघडलं, असा दुसरा.

माझ्या हातांचंही त्याच सुमाराला सुरू झालं. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागली. बरणीचं झाकण, कणीक, दाराची किल्ली, सगळ्यात ती आडवी यायची. पण खरा राग मला जाड पुस्तकांचा यायचा. मला आडवं पडून वाचायची सवय. एक दिवस जाडजूड चरित्र हातातून सुटलं ते थेट नाकावर आलं. डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी फिरताना आपांनी माझ्या नाकावरची सूज पाहिली आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

"पुस्तकाने."

त्या रस्त्यातच थांबून हसल्या. तेव्हाच माझ्या डोक्यात आलं. आपांना पान मोठं हवंय, मला पुस्तक हलकं हवंय, आणि दोन्ही करणारी वस्तू जगात आहे म्हणतात. हातात मावणारं, पुस्तकं पोटात ठेवणारं वाचायचं यंत्र. मी म्हटलं, "दोघींत एक घेऊ. आठवडाभर तुमच्याकडे, आठवडाभर माझ्याकडे."

आपांना गंमत वाटली. "एका पुस्तकाची दोन बिऱ्हाडं!" त्या म्हणाल्या. पण नको म्हणाल्या नाहीत.

आता मी सव्वीस-सत्तावीस वर्षं मातीचे नमुने तपासलेली बाई. वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, बोटांनी चोळल्याशिवाय मला तिच्याबद्दल काही कळतच नाही. नगरात चार दुकानं फिरले. सगळीकडे मोबाईल, टॅब, हेडफोन. वाचायचं यंत्र म्हटलं की दुकानदार विचारायचे, "म्हणजे काय, मॅडम?" एकाने बरोबर ओळखलं, पण तोही म्हणाला, "ते ऑनलाईनच मागवावं लागतं. इथं दाखवायला कुणी ठेवत नाही." ऑनलाईन फोटो पाहिले. फोटोत सगळीच चांगली दिसतात. अक्षर कागदासारखं दिसतं, उन्हात वाचता येतं, आठवडेच्या आठवडे चार्ज करावं लागत नाही, असं लिहिलेलं होतं. मराठी कसं दिसतं ते कुणी लिहिलं नव्हतं. उर्दूचा तर विषयच नाही.

मग आठवला श्रीगोंद्याचा माझा मावसभाऊ. त्याचा ऊस आहे, आणि त्याला वाचायचं वेड आहे. त्याच्याकडे असं यंत्र असल्याचं एका लग्नात त्याच्या बायकोने मला तक्रारीच्या सुरात सांगितलं होतं. फोन केला.

"हाय की अक्का!" तो ओरडलाच. "लई भारी वस्तू हाय. या तुमी, दिवसभर वापरून बघा. जेवायलाच या."

नमुना बरोबर असल्याशिवाय तपासणीला जाऊ नये, ही माझी जुनी शिस्त. मराठीच्या बाजूने काळजी नव्हती, त्याच्याकडे मराठी पुस्तकं असणारच. उर्दूसाठी मी आपांच्या कादंबरीतलं मोरपिशी दोऱ्याचं पान, म्हणजे कडी वाजवतानाचं पान, फोनवर फोटो काढून घेतलं आणि त्याची पीडीएफ केली. एकच पान. आपा म्हणाल्या, "नेमकं तेच का?"

"ते तुम्हाला पाठ आहे. काय दिसतंय आणि काय आठवतंय, यातला फरक तुम्हीच सांगू शकाल."

"मग पाठ नसलेलं घ्या ना," त्या म्हणाल्या. बरोबर होतं त्यांचं. मी पुढच्या पानाचाही फोटो घेतला.

एसटीने आम्ही श्रीगोंद्याला गेलो. भाऊ फाट्यावर न्यायला आला होता. वस्तीवर पोचेपर्यंत तो त्या यंत्राबद्दलच बोलत होता. वहिनीने पाणी दिलं आणि आपांना सांगितलं, "उसाला दारं धरायला जात्यात आन् त्ये घिऊन बसत्यात बांधावर. परवा पानी फुटून शेजारच्या रानात गेलं. त्यो शेजारी हाका मारून दमला."

"अगं, खुनाचा उलगडा हुत हुता," भाऊ म्हणाला. "मधीच कसं उठणार?"

आपा त्याच्याकडे प्रेमाने पाहू लागल्या. वाचणारा माणूस वाचणाऱ्याला लगेच ओळखतो.

त्याने यंत्र बाहेर आणलं. करड्या रंगाचं, पोस्टकार्डाहून थोडं मोठं, पाटीसारखं सपाट. मी हातात घेतलं आणि वजनाचा अंदाज चुकल्यामुळे हात वर गेला. इतकं हलकं. डाव्या हाताने कडेला धरलं, उजव्या अंगठ्याला काही कामच नव्हतं. आम्ही अंगणात उन्हातच बसलो होतो. पडद्यावर ऊन पडलं होतं आणि अक्षरं अधिकच उठून दिसत होती. मी बोटाने पान उलटलं. सगळा पडदा क्षणभर काळा होऊन गेला आणि नवं पान आलं. मी परत उलटलं. मला त्या काळ्या क्षणाचंच कुतूहल वाटायला लागलं. तिथे आत काय होतं?

"शाईचे बारीक कन हायेत म्हन्त्यात," भाऊ म्हणाला. "काळं कन वर आलं की अक्षर, खाली गेलं की कोरं. एकदा वर आलं की तसंच ऱ्हातंय, म्हनून चार्जिंग लागत न्हाई."

मातीच्या बाबतीत आम्ही हेच तर करायचो. पाण्यात ढवळायचं आणि कोणते कण वर राहतात, कोणते खाली बसतात ते पाहायचं. मला ते यंत्र त्या क्षणी आवडलं. अक्षर मोठं करून पाहिलं, बारीक करून पाहिलं. एका पुस्तकात जोडाक्षरांचे तुकडे पडले होते, 'विद्यार्थी' मधला द एकीकडे आणि य दुसरीकडे. दुसऱ्या पुस्तकात सगळं नीट. भावाने सांगितलं की तो दोष पुस्तक बनवणाऱ्याचा असतो, यंत्राचा नाही. मी तासभर वाचत बसले. अंगठा दुखला नाही. नाकाला धोका नव्हता.

मग आपांची पाळी. आधी मराठी. अक्षर वाढवत वाढवत नेलं, तेव्हा एका ओळीत तीन शब्द बसायला लागले. त्यांनी मान थोडी तिरकी केली. हल्ली तसंच करायच्या, कडेच्या नजरेने पाहायला. वाचलं, पण ओढून ओढून. मग उर्दूचं पान उघडलं. पीडीएफ म्हणजे फोटोच. मोठं करायचं तर अक्षर एकटं मोठं होत नाही, सगळं पान मोठं होऊन पडद्याबाहेर जातं. आपा ओळीच्या उजव्या टोकाला सुरुवात करायच्या, मग पान सरकवायचं, पडदा काळा व्हायचा, परत उजळायचा, तोपर्यंत ओळ हरवायची. मी सरकवून पाहिलं, भावाने आडवं धरून पाहिलं. वहिनीने पोळ्या करता करता येऊन पाहिलं.

"आपा, तुमी सावलीत बघा," भाऊ म्हणाला. सावलीत गेलो. मग परत उन्हात.

शेवटी आपांनी ते यंत्र मांडीवर ठेवलं. "फार छान आहे," त्या भावाला म्हणाल्या. "अगदी कागदासारखं." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "पण ताई, मला कागदच तर दिसत नाही."

इतक्या साध्या गोष्टीचा मी विचारच केला नव्हता. कागदासारखं असणं हा गुण, असं सगळीकडे वाचून मी तो सगळ्यांनाच लागू करून टाकला होता.

जेवण झालं. वहिनीने वांग्याचं भरीत केलं होतं, आपांनी तिला दोनदा कृती विचारली. त्या अजिबात खट्टू दिसत नव्हत्या, निदान दाखवत नव्हत्या. संध्याकाळच्या एसटीत खिडकीशी त्या बसल्या, शेजारी मी. मोठ्या पडद्याचं यंत्र पाहायचं का, ते कुणाकडे असेल, असला विचार माझ्या डोक्यात चालू होता. दिवे लागायची वेळ झाली होती. एका फाट्यावर गाडी थांबली. रस्त्यापलीकडे एक हॉटेल होतं, आणि त्याच्या दारावर काळ्या पट्टीतून पळणारी उजेडाची अक्षरं.

"'गरमागरम भजी'," आपा म्हणाल्या. "'पार्किंगची सोय.' भूक नसतानाही वास आल्यासारखं वाटतं, नाही?"

मी "हं" म्हटलं. आणि मग चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"आपा, ते तुम्ही वाचलंत?"

"कोणतं?"

"आत्ताचं. ती पळणारी पाटी."

त्यांनी परत बाहेर पाहिलं. "'फॅमिली रूम'," त्या सावकाश म्हणाल्या. गाडी निघाली तरी आम्ही दोघी मागे वळून त्या हॉटेलकडे पाहत होतो. कंडक्टरला वाटलं असेल, बायांचं काहीतरी तिथे राहिलं.

आता प्रश्न असा होता की ती अक्षरं वाचता आली कशामुळे? मोठी होती म्हणून, का उजेडाची होती म्हणून, का भोवती काळं होतं म्हणून? तीन गोष्टी एकदम बदलल्या की कशाचा परिणाम झाला ते सांगता येत नाही. प्रयोगशाळेत हे मी नव्या मुलींना शिकवत आले होते. एका वेळी एकच बदला.

दुसऱ्या दिवशी आपांच्या घरी, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर मी तपासणी मांडली. त्यांच्या सुनेने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन रंग उलटे कसे करायचे ते शोधून दिलं. तिला या सगळ्याची फार मजा वाटत होती. पुढच्या पानाचा, म्हणजे न वाचलेल्या पानाचा फोटो पडद्यावर आणला. आधी जसं आहे तसं, पांढऱ्यावर काळं. आपांना उजेडाने डोळे मिचकावावे लागले, दोन शब्द लागले. मग आकार तोच, जागा तीच, फक्त रंग उलटे. सगळं पान काळं झालं आणि उर्दूच्या ओळी पांढऱ्या होऊन झळकल्या.

आपा वाकल्या. मान तिरकी केली. ओठ हलायला लागले. त्यांनी एक शब्द वाचला, दुसरा वाचला, आणि मग ओळीच्या शेवटापर्यंत गेल्या. मला त्यातलं काही कळलं नाही, पण कडी, दरवाजा असले शब्द कानाला ओळखीचे लागले.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"आतून कुणीतरी विचारलं, कोण आहे," आपा म्हणाल्या. "बस, इतकंच. पान छोट्या पडद्यावर मावत नाही."

सून म्हणाली, "अम्मी, हे तर फळ्यासारखं झालं." आपांनी नुसती मान हलवली. सारं आयुष्य त्यांनी काळ्यावर पांढरंच लिहिलं होतं.

डॉक्टरांना दाखवायला गेल्या तेव्हा त्यांनी मुद्दाम विचारलं. डॉक्टर म्हणाले, काही जणांना असं उलटं सोपं जातं, पांढऱ्या पानाचा लख्ख उजेड त्यांना सहन होत नाही; ज्याला जे जमेल ते त्याने करावं. आपा मला म्हणाल्या, "हे त्यांनी दोन वर्षांपूर्वी का नाही सांगितलं?" मी म्हटलं, "तुम्ही विचारलं होतं का?" "मला काय माहीत, असं काही विचारायचं असतं," त्या म्हणाल्या.

मग आम्ही पुन्हा दुकानात. या वेळी वाचायचं यंत्र मागितलं नाही, टॅब मागितले. काउंटरवरची मुलगी उत्साहाने एकेक दाखवायला लागली. हा व्हिडिओला चांगला, हा गेमला. आपा म्हणाल्या, "बेटा, सगळे काळे करून दाखव." तिला आधी कळेना. कळल्यावर तिने पाचही टॅब काचेवर ओळीने मांडले, पाचांवर मी फोनमधून तेच पान पाठवलं, आणि आपा एकेका टॅबसमोर वाकून उर्दू वाचत पुढे सरकू लागल्या. दुकानात मोबाईलला काच बसवायला आलेला एक म्हातारा माणूस थांबून ऐकू लागला. एका ठिकाणी आपा अडखळल्या तर त्याने तो शब्द पुरा केला. सलाम-दुआ झाली. त्याने विचारलं, पुढे काय होतं? आपा म्हणाल्या, तेच तर शोधतोय.

लहान टॅब हातात धरायला बरा होता, पण ओळ मावत नव्हती. सगळ्यात मोठ्यावर अख्खी ओळ मावली, अक्षर पुरेसं मोठं राहिलं, पण तो जड होता. एकावर दुकानातल्या दिव्याचं प्रतिबिंब पडत होतं. मी तो कलता करून, उभा करून पाहिला. शेवटी मोठाच घ्यायचं ठरलं, वर चकाकी कमी करणारी काच लावून. जड असला तरी धरायचा कुणाला होता? टेबलावर उभा करायचा.

घरी आल्यावर कशावर उभा करायचा, हा प्रश्न आला. त्यांच्याकडे ग्रंथ ठेवून वाचायची लाकडी रेहल होती, घडीची, सुंदर कोरलेली. मी तिच्याकडे बोट दाखवलं. "नाही ताई, तिच्यावर फक्त कुराण," आपा म्हणाल्या. मला तेवढं कळायला हवं होतं. मग त्यांच्या सुनेने स्वयंपाकघरातून ताटं उभी करायचं स्टीलचं छोटं ताटाळं आणलं. टॅब त्यात असा काही बसला की जणू त्याच्यासाठीच घडवलंय.

दोघींत एक हा बेत अर्थातच बारगळला. मी भावाच्यासारखंच लहान यंत्र ऑनलाईन मागवलं. आल्या दिवशी ते आपांना दाखवलं, त्यांनी हातात घेऊन कौतुकाने परत दिलं. "तुमचा कागद तुम्हाला लखलाभ," त्या म्हणाल्या.

आता राहिलं होतं कादंबरीचा उरलेला भाग टॅबमध्ये घालायचं काम. आपांच्या जवळची प्रत जुनी, छापणारे आता नाहीत, दुसरी कुठे मिळण्यासारखी नव्हती. मी म्हटलं, पुस्तक माझ्याकडे द्या, मी त्या उरलेल्या पानांचे फोटो काढते. खिडकीशी टेबल ओढलं, पुस्तक ठेवलं, पान दाबायला दोन वजनं घेतली आणि दुपारभर काम केलं. त्या बोटभर भागाच्या एका टोकापासून सुरुवात केली ती दोऱ्याच्या खुणेपर्यंत गेले. फोटो सरळ केले, कडा कापल्या, एक पीडीएफ केली आणि ऐटीत आपांच्या टॅबवर पाठवून दिली. फोन करून सांगितलं, "झालं. वाचा."

तासाभराने त्यांचा फोन आला.

"आपा? उघडलं का दार?"

"ताई," त्या म्हणाल्या, "तुम्ही फोटो कुठून काढायला सुरुवात केली?"

"पहिल्या पानापासून."

"पहिलं कोणतं?"

मी पुस्तक समोर घेतलं. पाहिलं. आणि चूक लक्षात आली. उर्दूची ओळ उजवीकडून डावीकडे जाते हे मला ठाऊक होतं. पण पुस्तकही त्याच बाजूने उघडतं, हे हातांच्या सवयीपुढे मी साफ विसरले होते. मी मराठी पुस्तक उघडावं तसं ते उघडलं होतं आणि माझं पहिलं पान म्हणजे कादंबरीचं शेवटचं पान होतं.

"वाचलंत तुम्ही?"

"मला वाटलं, पुढचंच पान आहे. दोन वर्षांनी अख्खं पान समोर आलं, मी कशाला थांबते? शेवटपर्यंत गेले तेव्हा खाली 'तमाम शुद' लिहिलेलं. म्हणजे समाप्त."

"काय आहे शेवटी?"

"ते मी सांगणार नाही," आपा म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यांच्या सुनेने पानांचा क्रम उलटा करून दिला. पण आपांनी दोन-तीन दिवस टॅब उघडलाच नाही. सकाळी फिरायला आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुमचं काही नाही. तिचं वाईट वाटतं." पुष्कळ चालून झाल्यावर त्यांच्या तोंडून निघून गेलं. शेवटच्या पानावर धाकटी स्टेशनवर बाकावर एकटी बसलेली असते. गाडी येते. ती उठत नाही. गाडी निघून जाते.

म्हणजे मोठी भेटली नाही, किंवा भेटून परकी झाली. आम्ही दोघी तसंच धरून चाललो. मलाही त्या न पाहिलेल्या बाकाचं ओझं झालं.

चौथ्या दिवशी मीच त्यांच्या घरी गेले आणि म्हटलं, "शेवट कळलाय तर कळलाय. मधलं तरी वाचा. मला वाचून दाखवा." गॅलरीत ऊन यायच्या आधी आम्ही बसलो. ताटाळ्यात टॅब, समोर आपा, बाजूला मी. त्या एक परिच्छेद उर्दूत वाचायच्या, मग मराठीत सांगायच्या. हळू वाचायच्या, डोळे थकले की थांबायच्या. कधी एक पान व्हायचं, कधी तेवढंही नाही. एखादा शब्द कानाला ओळखीचा लागला की मी त्यांना अडवायचे. 'मिल्कियत' म्हणजे मालकी, 'हद्द', 'रकबा' म्हणजे क्षेत्रफळ, हे शब्द मी नोकरीत रोज कागदावर लिहिले होते. त्या कादंबरीत त्यांचे अर्थ जमिनीहून मोठे होते.

दार मोठीनेच उघडलं. ओळखलंही तिने. पण गळ्यात पडली नाही. "आलीस?" एवढंच म्हणाली आणि आत पाणी आणायला गेली. पुढची पन्नास-साठ पानं दोघी बहिणी एका घरात राहतात आणि एकमेकींना जे विचारायचं ते सोडून बाकी सगळं बोलतात. आपा वाचता वाचता मधेच माझ्याकडे पाहायच्या, मी त्यांच्याकडे. शेवट जवळ आला तसं आम्ही दोघी जरा सांभाळून बसायला लागलो.

आणि शेवटून दुसऱ्या पानावर कळलं. मोठी बहीण माहेरचं घर पाहायला चार दिवसांसाठी एकटीच गेलेली आहे. ती ज्या गाडीने परतणार तिची वाट पाहत धाकटी बाकावर बसलेली आहे. आलेली गाडी वेगळीच आहे, उलट बाजूला जाणारी. म्हणून ती उठत नाही. तिने त्या गावात राहायचं ठरवलेलं आहे.

आपांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अरे देवा," त्या म्हणाल्या. "आणि मी हिच्यासाठी फुकट रडले!"

"रडला होतात?"

"थोडं."

सूनबाईने चहा आणला. आपांनी तिला सगळं सांगितलं, तीही बसली. मग मी, इतके दिवस मनात असलेलं विचारलं, "पण मोठी त्या स्टेशनवर उतरली ती चुकून, की मुद्दाम?"

"चुकून. लिहिलंय तसं. झोप लागली होती, स्टेशन आलं, गडबडीत उतरली."

"दुसऱ्या गाडीने पुढे जाता आलं असतं की."

आपांनी टॅबवर बोट ठेवून पानं मागे नेली, पुढे नेली. "ते लिहिलं नाही," त्या म्हणाल्या.

"मग मला वाटतं, मुद्दाम."

"तुम्हाला काय वाटतं ते राहू द्या. तिचं सासर वाईट होतं असं कुठे आलंय?"

"आलेलं नाही. पण चांगलं होतं असंही आलेलं नाही."

सून म्हणाली, "मला वाटतं चुकून उतरली आणि मग आवडलं तिथे."

आपांनी आम्हा दोघींकडे पाहिलं, शाळेत एकाच प्रश्नाची दोन उत्तरं आली की पाहत असतील तसं. मग चष्मा पुन्हा चढवला, टॅब जवळ ओढला आणि मोठी गाडीतून उतरते ते पान पाहायला हवं म्हणाल्या. ते पान टॅबमध्ये नव्हतं. ते खुणेच्या अलीकडच्या भागात होतं, त्याचे फोटो मी काढलेच नव्हते. मी कपाटातून पुस्तक आणलं, या वेळी बरोबर बाजूने उघडलं, आणि खिडकीशी टेबल ओढायला लागले.